रेवाला भेटायला, भोसरी-मारुंजी मार्गे

थेरगाव

आम्ही जिथे जाऊन आलो तिथे जायला व्हिसा लागत नाही की गरम कपडे लागत नाहीत. लागतो तो तोंडाला रुमाल आणि अंगात चिवटपणा. थेरगावातून निघायचं, भोसरीत एक मुक्काम, मारुंजीत एक, चाकणजवळच्या एका गावात एक, आणि तिथून थोडं पुढे. नकाशावर बघितलंत तर हसाल. एवढ्या अंतरात लोक सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी घरी येतात. माझा नवरा तर रोजच जातो. पण कामाला जाणं वेगळं आणि प्रवासाला जाणं वेगळं. परत आल्यावर मी जेवढी दमले होते तेवढी बहिणीच्या पोरीच्या लग्नातसुद्धा दमले नव्हते, आणि तिथे तर माझ्याकडे पुऱ्यांचं खातं होतं.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी सुजाता. भोसरीच्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात काम करते. नवरा मिलिंद, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. घरात मी त्याला अरे म्हणते, चारचौघांत अहो. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टर झाले, सोनोग्राफ्या झाल्या, दोन्हीकडच्या नातेवाइकांचे सल्ले झाले. एक दिवस मीच म्हटलं, बास झालं. मग दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर नाव घातलं आणि वाट बघत बसलो. वाट बघणं हे काही काम नव्हे असं लोकांना वाटतं. एकदा बघून दाखवा म्हणावं! आम्ही इतकी बघितली की सुरुवातीला आमच्या घराचा जो अहवाल झाला होता तोच शिळा झाला, आणि तो ताजा करायला दत्तकाचं काम बघणाऱ्या समाजसेविका बाई पुन्हा घरी येणार असा निरोप आला.

बाईंचं नाव वैशालीताई. गुरुवारी आल्या, कारण भोसरीचा कारखान्यांचा पट्टा गुरुवारी बंद असतो आणि मी घरी सापडते. मिलिंदची थर्ड शिफ्ट चालू होती. म्हणजे रात्रभर काम, सकाळी घरी, आणि दिवसा झोप. ज्यांच्या घरात थर्ड शिफ्ट नाही त्यांना आमचं घर कळायचं नाही. बेलची वायर आम्ही कधीच काढून ठेवली आहे. पडदे इतके जाड की दुपारी दिवा लावावा लागतो. कुकर तो यायच्या आत उरकायचा, मिक्सर तो गेल्यावर फिरवायचा. भांडी फडक्यावर पालथी घालायची. बोलायचं ते कुजबुजत. आणि गंमत अशी, की तो फर्स्ट शिफ्टला असला, टक्क जागा असला, तरी आम्ही कुजबुजतच बोलतो. अंगवळणी पडलं ते पडलं.

तर वैशालीताईंना मी हळूच आत घेतलं, हळूच चहा दिला. मिलिंद डोळे चोळत बाहेर येऊन बसला. ताईंनी विचारायचं ते सगळं विचारलं, आम्ही सांगायचं ते सांगितलं, आणि बघता बघता त्याही आमच्यासारख्या कुजबुजायला लागल्या. निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "सुजाताताई, राग मानू नका. एक विचारते. या घरात मूल ओरडलं तर काय होईल?"

मी म्हटलं, जिना जपून उतरा, आणि तेही कुजबुजत. मी! माहेरी मला तिखटाचं गाडगं म्हणायचे.

अहवाल त्यांनी चांगलाच दिला. पुढे काही दिवसांनी पोर्टलवर एका मुलीची माहिती आली. नाव रेवा, वय सहा. अख्खा देश पडलाय त्या पोर्टलवर, कुठलंही मूल कुठेही मिळतं. आणि आमच्या वाट्याला आली ती चाकणच्या पुढच्या संस्थेतली. मिलिंद फोटो बघत बसला आणि म्हणाला, "कंपनीची बस जरा पुढं गेली असती तर केव्हाच दिसली असती की गं." मग बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला. आम्ही हो कळवलं.

वैशालीताईंनी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, मुलगी मोठी आहे, त्यामुळे तिची मर्जी विचारतात. तुम्ही कितीही हो म्हणा, ती नाही म्हणाली तर नाही. दुसरी, "भेटायला जायच्या आधी मुलं असलेल्या घरांत थोडं राहून या. कोरडं बघून येऊ नका, राहा." पहिली गोष्ट माझ्या डोक्यातून शेवटपर्यंत गेली नाही. एवढी वर्षं आम्हाला सगळ्यांनी तपासलं, पोलिसांनी, डॉक्टरांनी, ताईंनी. आता सहा वर्षांची पोर तपासणार, आणि तिच्या वरती अपील नाही. मिलिंदने सुट्टी टाकली, मी सुट्टी टाकली, स्कूटरच्या पायाशी बॅग ठेवली आणि निघालो.

भोसरी

डांगे चौकातून बाहेर पडून नाशिक फाट्यापर्यंत पोचेपर्यंत माझी कंबर बोलायला लागली होती. त्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांनी सुखी राहावं.

भोसरीत मुक्काम बालाजीकडे होता. बालाजी मिलिंदच्याच लाइनवर काम करतो, मूळचा लातूरकडचा. दोन खोल्या भाड्याच्या, त्यात तो, बायको रेणुका आणि तीन लेकरं. थोरल्या दोन मुली, धाकटं शेंडेफळ अजून रांगतं. खाली लेथचं वर्कशॉप. दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज येतो, आणि तो कमी पडतो म्हणून की काय, वर ही तिघं.

बालाजीचीही थर्डच चालू होती. आम्ही पोचलो तेव्हा गडी खोलीच्या मधोमध चटईवर तोंडावर टॉवेल घेऊन झोपला होता. त्याच्या एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला पोरींची भातुकली, आणि धाकटं त्याच्या पोटावरून पलीकडे चाललेलं. मी दारातच थबकले आणि कुजबुजले, "अगं, नंतर येऊ का आम्ही? भावजी झोपलेत."

"या की ओ ताई!" रेणुका एवढ्या मोठ्यानं म्हणाली की मीच दचकले. "झोपू द्या की त्यांना. झोप आली की माणूस ढोलताशात बी झोपतंय. आमचं हे लेकरू तर आवाज बंद झाला की उठून बसतंय."

तिनं धपाटे केले होते, सोबत दही आणि लाल चटणी. असे धपाटे मी खाल्ले नव्हते, आणि खाल्ले असले तरी तव्यावरून थेट ताटात असे कुणी टाकले नव्हते. "खावा की, लाजायलाव काय," असं म्हणत ती टाकत होती आणि आम्ही खात होतो. माझ्या घरी जेवण म्हणजे ताट ठेवल्याचाही आवाज होऊ द्यायचा नाही. इथे मधली पोर चमच्याने ताट बडवत होती आणि कुणाला त्याचं काही नव्हतं.

कुणाला नव्हतं, मला होतं. तिसऱ्या धपाट्याला माझं बोट आपसूक ओठावर गेलं आणि मी म्हटलं, "शू!"

काय सांगू! सगळी खोली गप्प झाली. पोरीचा चमचा हवेतच राहिला. तिनं आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. आणि खरंच, आवाज बंद झाल्याबरोबर बालाजी टॉवेल काढून उठून बसला. "काय झालं? काय झालं ओ?"

"काय न्हाय, झोपा," रेणुका म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "ताई, तुमी लई दमलाव दिसतंय." वाईट काहीच बोलली नाही ती. तरी मला रडू आलं आणि मी चटणी तिखट लागली म्हणून सांगितलं.

दुपारी मिलिंदनेही तिथे झोपायचा प्रयत्न केला. सराव म्हणून. माझ्या नवऱ्याला पाल चुकचुकली तरी जाग येते, त्यामुळे मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कशाला? पण पडला. आणि झोपला हो! चांगला दोन तास घोरला. उठला तेव्हा त्याच्या दोन्ही पायांच्या नखांना लालभडक नेलपॉलिश. थोरली दारामागे तोंड दाबून उभी. रेणुकाने तिच्या पाठीत धपाटा घातला, खायचा नव्हे. मिलिंद मात्र पायांकडे बघतच राहिला. ते काढायला त्याने नकार दिला. "असू दे, बुटात कोण बघतंय," म्हणाला.

मारुंजी

भोसरीहून मारुंजीला जाणं म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात जाणं, फक्त मधे समुद्राऐवजी ट्रॅफिक. इकडे वर्कशॉपचे पत्रे, तिकडे काचेच्या इमारती. मधे उसाचा एखादा फड आणि त्यात 'प्लॉट विकणे नाही' अशी पाटी. सोसायटीच्या गेटवर आमचा फोटो काढला, नंबर घेतला, कुणाकडे, कशाला, सगळं विचारलं. मिलिंद म्हणाला, "आपला अहवाल दाखवू का?"

गौरी आणि अनिकेत दोघंही हिंजवडीला आयटीत. त्यांची मुलगी अन्वी पाच वर्षांची, दोन वर्षांची असताना दत्तक आलेली. वैशालीताईंनीच गाठ घालून दिली होती. घर असं की प्रत्येक खेळण्याला डबा आणि प्रत्येक डब्याला चिठ्ठी. मला वाटलं, हे बरं आहे, इथे शांतता असेल. तेवढ्यात अन्वी आतून धावत आली आणि उभ्या उभ्या अशी किंचाळली की खिडकीच्या काचा हलल्या. का किंचाळली, तर पाहुणे आले म्हणून. मी ओठांवर आलेला 'शू' गिळला. शेजारी मिलिंदचा हात ओठाकडे निघाला होता, तो त्याने केस नीट केल्यासारखा करून खाली घेतला.

जेवायला अनिकेतने फोडणीची पोळी केली. आयटीतल्या माणसाच्या घरी पास्ताबिस्ता मिळेल अशी माझी समजूत होती. "कालच्या उरल्या होत्या," तो म्हणाला. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते उगाच नाही. वरून शेंगदाणे चांगले सढळ हातानं घातले होते, त्याबद्दल त्याला शंभर गुण.

अन्वी माझ्या मांडीला टेकून जेवली. मधेच म्हणाली, "मी ना, पोटातून नाही आले. मी लाल गाडीतून आले. अनिकेतला रस्ता सापडत नव्हता, मग गौरी ओरडली." 

"अस्सं?"

"हो. तुमची कशातून येणार?"

"स्कूटरवरून," मिलिंद म्हणाला. अन्वीने जरा विचार केला आणि मान डोलावली. पास झालो असणार.

तिला अनिकेत खाली बागेत घेऊन गेला तेव्हा गौरी माझ्याशेजारी येऊन बसली. बाई दिसायला टापटीप, पण डोळ्यांखाली काळं. म्हणाली, "तुम्हाला सगळे सांगतील की बघताक्षणी माया वाटते. मला नव्हती वाटली. ॲक्च्युअली पहिले कित्येक महिने मी फक्त ड्यूटी करत होते. आंघोळ, डबा, औषध. ती माझ्याकडे यायची नाही, उशीखाली पोळी लपवून ठेवायची. मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे, की आपण फ्रॉड आहोत."

"मग?"

"मग काय, एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवस रडलेच नाहीये. असं काही खास झालं नाही." ती हसली. "खूप दमायला होतं हो. एवढंच कुणी सांगत नाही."

मला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला पुण्य, नशीब, सत्कर्म असलं काही न सांगता साधं दमण्याबद्दल सांगितलं होतं. लोक आम्हाला म्हणतात, केवढं मोठं काम करताय! अहो, काम कसलं? मला मूल हवंय. कुणाला आंबा हवा असतो तसं हवंय. त्यात मोठं काय?

चाकणजवळचं गाव

मारुंजीहून तळेगाव-चाकण रस्त्याने आलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे आम्ही. एका खड्ड्यात बॅग उडाली आणि मिलिंदचा टॉवेल मागच्या ट्रकच्या स्वाधीन झाला. परत आणायला गेलो नाही. देशोधडीला लागलेल्या टॉवेलासाठी जीव देण्यात अर्थ नव्हता.

या गावात आमच्या लग्नानंतरची पहिली खोली होती. घरमालकीण शेवंतामावशी. जुनं शेतकरी घराणं, जमिनी कंपन्यांत गेल्या, त्यांच्या जागी दोन मजली बंगला आला. समोर संगमरवरी पायऱ्या आणि मागे अजून गोठा, कारण मावशीला पिशवीचं दूध चालत नाही. घरात नातवंडं-पणतवंडं किती ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. प्रत्येक दारातून एखादं निघायचं.

मावशीने मासवडी केली होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगते, नाव मासवडी असलं तरी त्यात मासा नाही. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरून वडी करतात आणि झणझणीत रश्शासोबत बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. नाकाडोळ्यांतून पाणी आलं की जेवण जमलं. आमच्याकडे सासूबाई मासवडी करायच्या नाहीत, त्यामुळे मी ती इथेच, मावशीच्या चुलीपाशी बसून शिकले होते.

उद्या रेवाला भेटायचं आहे हे सांगितल्यावर मावशी रस्सा वाढता वाढता म्हणाली, "बरं हाय. पर कुणाची हाय पोर? जातबीत काय ठावं हाय का न्हाई?"

माझा घास तसाच राहिला. मिलिंद खाली बघून भाकरी मोडायला लागला. तो असं कुणी विचारलं की नेहमी खाली बघून काहीतरी मोडतो. मला नाही जमत ते.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही आम्हाला खोली देतानाही हेच विचारलं होतंत."

घरातली सून पदर सारखा करत आत गेली. मावशी हातात पळी घेऊन माझ्याकडे बघत राहिली. "व्हय," ती म्हणाली, "इचारलं हुतं. आन् मंग खोली दिली का न्हाई?"

"दिलीत. पण विचारलंत."

"इचारलं."

मावशीने माझ्या ताटात आणखी दोन वड्या टाकल्या. मला राग आला होता आणि भूकही होती, म्हणून मी त्या खाल्ल्या. माणसं अशीच असतात आणि आपण त्यांच्याकडे जेवतो, याचा मला त्या दिवशी फार कंटाळा आला.

सकाळी निघताना मात्र ती गोठ्यातून थेट आली, हाताला शेण तसंच. "पोरी, आईक. तुमी नवी साडी नेसून पोर बगाया निगालाय. सा वरसाची हाय, तिला समदं कळतंय. तुमी न्हाई, ती बगणार हाय तुमाला. नीट ऱ्हावा."

चाकणच्या पुढे

चाकणच्या चौकात नेहमीसारखं अडकलो. त्याचं वर्णन करत नाही, मिलिंद म्हणतो त्यावर नोकरीची वीस वर्षं खर्च झाली तेवढी पुरे. तरीही ठरलेल्या वेळेच्या जरा आधी पोचलो. दुपारची जेवणं उरकली असावीत. संस्थेचं पुढचं गेट होतं, पण त्याला अगदी चिकटून पाण्याचा टँकर उभा, आत जायला फट नाही. टँकरवाल्याने पाइप धरल्या हाताने बाजूची वाट दाखवली. तिथलं छोटं फाटक ढकलून आम्ही मागच्या अंगाला निघालो. लांब ओटा, त्यावर लहान लहान चपलांची रांग. खिडकीतून आत बघितलं, तर सतरंज्यांवर ओळीने मुलं झोपलेली. पंखा फिरत होता. बाकी चिडीचूप.

आता इथे दुसरं कुणी असतं तर त्यांनी काय केलं असतं? दार वाजवलं असतं, हाक मारली असती. आम्ही काय केलं? आम्ही एकमेकांकडे बघितलं, चपला हातात घेऊन ओट्याच्या कडेला ठेवल्या, आणि भिंतीला टेकून बसलो. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही! एवढ्या वर्षांत आम्ही एवढी एकच गोष्ट बिनचूक शिकलो होतो, आणि ती आम्ही तिथे जीव लावून केली. मी तर मनातून खूश होते. म्हटलं, संस्थेतल्या बाईंच्या लक्षात येईल, किती समजूतदार आईबाप आहेत. सावली होती, वारा होता. चार दिवसांची दगदग अंगात मुरलेली. मिलिंदची मान कलली. माझीही कलली असावी.

दार उघडलं ते एकदम. "अगं बाई!" संस्थेच्या मुख्य बाई, रंजनाताई, दारात छातीला हात लावून उभ्या. "तुम्ही इथे? केव्हापासून? अहो, किती फोन केले तुम्हाला!"

फोन बघितले. दोघांचेही सायलेंटवर. किती मिस्ड कॉल होते ते मी मोजले नाहीत, माझ्याने मोजवले नाहीत.

"रेवा सकाळपासून तयार होऊन बसली होती," रंजनाताई म्हणाल्या. "झोपायला गेली नाही. ऑफिसच्या खिडकीत बसून रस्ता बघत होती, पुढच्या. शेवटी म्हणाली, ते काही येत नाहीत. आता बोलतच नाहीये."

मी उठून चपला उलट्यासुलट्या पायांत घातल्या. पोर आतून आमची वाट बघत होती आणि आम्ही तिच्या मागच्या भिंतीला पाठ लावून डुलक्या घेत होतो. आणि नाही म्हणायचा हक्क तिचा होता.

ऑफिसात ती खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. निळा फ्रॉक. एका वेणीची रिबीन सोडलेली, दुसरीची सोडता सोडता गाठ बसलेली. रंजनाताई म्हणाल्या, "रेवा, बघ कोण आलंय." ती वळली नाही.

"रेवा," मी म्हटलं.

"तुम्ही आला नाहीत," ती भिंतीला म्हणाली.

"आलो होतो गं. मागच्या ओट्यावर बसलो होतो. खूप वेळ."

ती वळली. बारीक चण, कपाळावर आठी. "मग हाक का नाही मारली?"

मिलिंद तिच्यासमोर खाली बसला. "सगळे झोपले होते ना बाळा."

"मी नव्हते झोपले."

मी कसंबसं म्हटलं, चुकलंच आमचं. पण घशातून निघालं ते आमच्या घरातलं कुजबुजणं.

"ऐकू येत नाही," रेवा म्हणाली. "मोठ्यानं बोला."

"चुकलं म्हटलं!"

"चुकलं तर काय? मी रिबीन सोडून टाकली."

"मग बांध परत."

"नाही बांधणार. तुम्ही पुढून का नाही आलात? मी पुढेच बघत होते."

"पुढे टँकर होता!"

"टँकरला सांगायचं ना, बाजूला हो म्हणून!"

"का? टँकर काय माझ्या बापाचा आहे?" माझा आवाज चढला. चार दिवसांचा शिणवटा, त्याच्या आधीची सगळी वर्षं, सगळं त्या टँकरवर निघत होतं. "आणि तुला मागे येऊन बघायला काय झालं होतं? खिडकीला चिकटून बसलीस ती!"

"मला ताईंनी इथेच बस म्हटलं होतं!" ती खुर्चीवर उभी राहिली. आता ती माझ्याएवढी झाली होती. "आणि तुम्ही झोपला होतात! तुमच्या गालावर भिंतीचा चुना लागलाय!"

"लागू दे! तू एवढं ओरडतेस तर तेव्हा का नाही ओरडलीस, मी लगेच उठले असते!"

"मी का ओरडू? तुम्ही आलात ना, तुम्ही ओरडायचं!"

शेजारच्या खोलीत मुलं उठल्याचा गलका ऐकू आला. मिलिंद खालीच बसला होता, एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत. रंजनाताई घाईघाईने पुढे आल्या, त्यांनी रेवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या, लहान आहे." मग तिच्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "रेवा, तुला नको असेल तर आपण आत जाऊ. कुणी रागावणार नाही. जायचं आत?"

रेवाने त्यांचा हात खांद्यावरून बाजूला केला. नजर माझ्यावरून हलवली नाही.

"थांबा ना ताई," ती म्हणाली. "आमचं भांडण चाललंय."